बांबूला भुंगा लागू नये म्हणून: काठी निवडण्यापासून मांडव उभा करेपर्यंत

आमच्या पडवीसमोरचा पहिला मांडव मी श्रावणात तोडलेल्या काठ्यांचा घातला होता. गणपतीला पाहुणे येणार, बांबूचं बेट घरामागच्या परड्यातच, मग थांबायचं कशाला, असं वाटलं. दिवाळीपर्यंत मांडव चांगला दिसत होता. मग एका रात्री दिवे मालवल्यावर वरून बारीक कुर्र कुर्र आवाज यायला लागला. सकाळी बघतो तर सारवलेल्या खळ्यात प्रत्येक काठीच्या बरोबर खाली पिवळसर पिठाची ढिगुली. चिमटीत घेतलं तर तांदळाच्या पिठासारखं मऊ. शिमग्यापर्यंत त्या काठ्या हाताने मोडता येत होत्या.

बांबू टिकत नाही, असं लोक सर्रास म्हणतात आणि लोखंडी पाइप आणायला जातात. मला हे पटत नाही. आज त्याच जागी त्याच बेटातल्या काठ्यांचा मांडव उभा आहे आणि त्याला भुंग्याचं एक भोक नाही. फरक इतकाच, की आता काठी वय बघून आणि हंगाम बघून तोडतो, आणि तोडल्यावर तिचा गोडवा काढतो.

भुंगा कशासाठी येतो

बांबूच्या आतल्या मऊ भागात पिष्ठ, म्हणजे स्टार्च, साठलेलं असतं, आपल्या भातात असतं तेच. नवा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा तो स्वतःचं अन्न तयार करत नाही. त्याला लागणारं सगळं जुन्या काठ्यांकडून आणि जमिनीखालच्या गड्ड्यांकडून येतं. त्या बळावर तो दोन ते चार महिन्यांत पूर्ण उंच होतो. पुढे आयुष्यभर ना तो जाड होतो, ना उंच, फक्त आतून पक्का होत जातो.

भुंगा या पिष्ठासाठी येतो. तो जेमतेम तीन मिलिमीटरचा, तपकिरी काळसर. बांबूच्या बाहेरच्या हिरव्या सालीत सिलिका असते, ती त्याला सहसा फोडता येत नाही. म्हणून तो कापलेल्या टोकातून, फांद्या छाटलेल्या जागेतून किंवा साल खरवडली असेल तिथून आत शिरतो. आत अंडी घालतो, अळ्या पोखरत जातात आणि खाली पीठ पडतं. हे लक्षात आलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात. काठीत पिष्ठ कमी असलं पाहिजे, जखमा कमी असल्या पाहिजेत, आणि उरलेलं पिष्ठ भुंग्याच्या कामाचं राहता कामा नये.

आधी आपल्याकडचा बांबू ओळखा

दक्षिण कोकणात आणि गोव्यात बांधावर जो बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव बांबू असतो तो माणगा. जाडी साधारण एक ते दोन इंच, काठी सरळ. मांडव, शिडी, फळबागेतले टेकू, खुर्च्या, या सगळ्याला माझी पहिली पसंती हाच. विदर्भाच्या जंगलात मानवेल मिळतो, तोही बुडाकडे भरीव आणि चिवट. काटेरी कळक मोठा, जाड आणि आतून पोकळ. खांबाला चांगला, पण काट्यांमुळे बेटात शिरणंच अवघड. बागेत शोभेला लावतात तो पिवळा बांबू दिसायला देखणा, पण त्यात पिष्ठ भरपूर. त्याची काठी प्रक्रिया न करता कुठेही वापरू नका.

नावांची मात्र गंमत आहे. चिवा, चिवार, मेस, कोंडा, वेळू ही नावं तालुका बदलला की दुसऱ्याच जातीला लागतात. विकत घेताना नावावर जाऊ नका. बुडाकडचा एक तुकडा आडवा कापून भिंत किती जाड आहे ते बघून घ्या.

वय ओळखणं: हीच खरी पायरी

संस्कृतात बांबूला वंश म्हणतात आणि कुळालाही वंशच म्हणतात. बेटात उभं राहिलं की हा शब्द असा का वापरला असेल ते दिसतं. एका बेटात एकाच वेळी चार-पाच पिढ्या उभ्या असतात, आणि त्यातली नेमकी कोणती काढायची हे कळणं म्हणजे निम्मं काम झालं.

आमच्याकडे बेट तोडायला एक तात्या यायचे. ते कोयत्याच्या पाठीने काठीवर टकटक करत आणि कान देऊन ऐकत. एकदा मी एका गुळगुळीत हिरव्यागार काठीला हात घातला तर म्हणाले, ‘‘ह्यो अजून पोरगो आसा. ह्येका हात लावू नको.’’ मग शेजारच्या मळकट, डागाळलेल्या काठीवर टिचकी मारली. आवाज टणक आला. ‘‘ह्यो काढ.’’

तात्यांचं ज्ञान शब्दांत मांडायचं तर असं. पहिल्या वर्षाच्या काठीवर पेरांजवळ, म्हणजे गाठींजवळ, तपकिरी कोष (कोंबावरची सुकी आवरणं) चिकटून असतात, अंगावर पांढरी पावडर असते, बोट फिरवलं तर पुसली जाते. रंग तजेलदार, फांद्या थोड्या किंवा नाहीतच. दुसऱ्या वर्षी कोष बहुतेक गळून जातात, पेराखाली पांढरा पट्टा उरतो, फांद्या भरतात. तिसऱ्या वर्षापासून हिरवा रंग फिका पडतो, अंगावर राखाडी-पांढरे दगडफुलासारखे डाग यायला लागतात आणि टिचकीचा आवाज बदलतो. तीन ते पाच वर्षांची काठी बांधकामाला उत्तम. त्यापुढे ती हळूहळू ठिसूळ होते आणि बेटात नुसती अडचण करून राहते.

डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर दर दिवाळीला त्या पावसात आलेल्या काठ्यांवर छातीच्या उंचीला तेलरंगाचा एक ठिपका द्या, दर वर्षी वेगळ्या रंगाचा. मी पिवळा, लाल, निळा, पांढरा असा क्रम ठेवला आहे. चौथ्या वर्षी कोणालाही पाठवलं तरी तो बरोबर काठी काढून आणतो.

टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरुडाला मात्र याच्या उलट हवं असतं. त्याला कामट्या वाकवायच्या असतात, म्हणून तो कोवळी, एक-दोन वर्षांची काठी निवडतो. त्याच्या निवडीवरून खांबाची निवड करू नका.

तोडणी

पावसाळ्यात तोडू नका. जून ते सप्टेंबर हा कोंब येण्याचा काळ. बेटात वावरलं की कोंब पायाखाली मोडतात, आणि काठीत पाणी व पिष्ठ दोन्ही जास्त असतं. आमच्याकडे भातकापणी उरकल्यावर, कार्तिक ते माघ, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. जुनी माणसं वद्य पक्षात, अमावास्येच्या सुमारास तोडा म्हणतात. मी तेही पाळतो, कारण त्याला काही खर्च नाही. पण तिथी साधायला म्हणून कोवळी काठी तोडू नका. वय आणि ऋतू आधी, चंद्र नंतर.

कापताना जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या अगदी वर घाव घाला. पेराच्या खूप वर कापलं तर वाटी तयार होते, तीत पावसाचं पाणी साचतं, डास होतात आणि बुंधा कुजत गड्ड्यापर्यंत जातो. धारदार कोयता किंवा करवत वापरा. बोथट हत्याराने काठी चिरत जाते आणि ती चीर म्हणजे भुंग्याला दार.

नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेला येतात आणि जुन्या काठ्या मधोमध अडकतात. म्हणून एका बाजूने वाट करून आत शिरा, मधल्या जुन्या काढा आणि बाहेरच्या तरुण काठ्या तशाच ठेवा. वरून बघितलं तर बेट घोड्याच्या नालेसारखं दिसलं पाहिजे. एक आणि दोन वर्षांच्या काठ्यांना अजिबात हात लावायचा नाही, आणि तीन वर्षांवरच्यांपैकीही काही आधाराला ठेवायच्या. पैशाची नड आली म्हणून अख्खं बेट सपाट केलेलं मी पाहिलं आहे. पुढच्या पावसात तिथे करंगळीएवढे कोंब आले आणि बेट पूर्ववत व्हायला काही वर्षं गेली.

फांद्या लगेच छाटू नका

ही पायरी फुकट आहे, तरी बहुतेक जण ती गाळतात. तोडलेली काठी पानांफांद्यांसकट तिथेच बेटाला टेकवून उभी करा, बूड दगडावर ठेवा, म्हणजे मातीला लागणार नाही. आठ-दहा दिवस तशीच राहू द्या. पानं जिवंत असेपर्यंत काठीतलं पाणी ओढत राहतात आणि साठवलेल्या पिष्ठाचा काही भाग खर्ची पडतो. पानं सुकून गळायला लागली की मग फांद्या छाटा, आणि छाटताना सालीला लागून कापा, ओरबाडू नका.

पाण्यातला बांबू

घरगुती कामाला, जिथे पावसाचा थेट मारा नाही, तिथे नुसतं पाणीही पुष्कळ काम करतं. व्हाळाच्या वाहत्या पाण्यात काठ्या पूर्ण बुडतील अशा दगडाखाली दाबून ठेवायच्या, कमीत कमी तीन-चार आठवडे. खाडीकाठची माणसं खाऱ्या पाण्यात, चिखलात पुरून ठेवतात. पाण्यात साखर विरघळते, पिष्ठ सडतं आणि निघून जातं. काढताना वास इतका उग्र येतो की पहिल्यांदा करणाऱ्याला काठ्या वाया गेल्या असं वाटतं. दोन दिवस वाऱ्यावर ठेवल्या की वास जातो. साठलेल्या डबक्यात मात्र काठी काळी पडते. आणि एक लक्षात ठेवा, या उपायाने भुंगा लांब राहतो, वाळवी नाही.

टाकणखार आणि बोरिक पावडर

जास्त वर्षं टिकवायचं असेल तर हा उपाय करा. टाकणखार, ज्याला दुकानात बोरॅक्सही म्हणतात, आणि बोरिक पावडर, जी कॅरमवर टाकतात, या दोन्ही वस्तू घाऊक दुकानात पोत्याने मिळतात. १०० लिटर पाण्याला ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक, म्हणजे साधारण ५ टक्क्यांचं द्रावण.

टाकी बांधायची गरज नाही. आम्ही परड्यात १२ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट खोल चर खणला आणि त्यात जाड प्लास्टिक दुहेरी अंथरलं. काठ्या रचल्यावर उरलेल्या जागेत ५०० लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणून १५ किलो टाकणखार आणि १० किलो बोरिक लागलं. पावडर थंड पाण्यात नीट विरघळत नाही. दोन-तीन हंडे पाणी चुलीवर गरम करून त्यात आधी विरघळवा आणि मग चरात ओता.

काठी ओली असतानाच द्रावणात गेली पाहिजे. हे पुष्कळांना उलटं वाटतं, पण द्रावणातलं मीठ, म्हणजे टाकणखार आणि बोरिक, ओल्यातून आत झिरपत जातं, सुक्या काठीत ते पोचत नाही. पोकळ बांबू असेल तर टोकदार लोखंडी सळईने सगळ्या पेरांचे पडदे आरपार फोडून घ्या, नाहीतर द्रावण आतल्या भिंतीपर्यंत जाणारच नाही. हिरवी साल बाहेरून जवळजवळ काहीच आत घेत नाही. सळई पोचत नसेल तिथे प्रत्येक कांड्याला, म्हणजे दोन पेरांमधल्या भागाला, पेराजवळ बारीक भोक पाडा, आणि ती भोकं एका रेषेत येऊ देऊ नका, काठी त्या रेषेवर चिरते. पोकळ काठ्या आठ-दहा दिवस बुडवून ठेवायच्या, चिरलेल्या पट्ट्यांना चार-पाच दिवस पुरे. काठ्या तरंगतात, त्यांच्यावर दगड ठेवावेच लागतात.

भरीव माणग्याची गोष्ट वेगळी आहे, त्यात पडदेच नाहीत. त्याला मी उभ्या पिंपाची रीत वापरतो. काठी तोडल्या तोडल्या, पानांसकट, बूड द्रावणाच्या पिंपात बुडवून झाडाला टेकवून उभी करायची. पानांतून पाणी उडत राहतं आणि त्या ओढीने द्रावण बुडातून वर चढतं. दहा-बारा दिवस लागतात, पिंपातली पातळी उतरेल तसं द्रावण घालत राहायचं. या रीतीत बेटाला टेकवून वाळवायची पायरी गाळायची. तोडणं आणि पिंपात घालणं यात काही तासांपेक्षा जास्त वेळ गेला तर ओढ कमी होते, म्हणून पिंप बेटापाशीच न्या.

द्रावण पोचलं की नाही ते हळदीने कळतं. स्पिरिटमध्ये काढलेला हळदीचा अर्क कापलेल्या तोंडावर लावायचा, सुकला की त्यावर आम्लाचं पाणी. जिथे बोरॉन, म्हणजे या दोन्ही पावडरींतलं मूलद्रव्य, पोचलं आहे तो भाग लालसर होतो, बाकीचा पिवळाच राहतो.

हे खाण्याचं मीठ नव्हे. हातमोजे घाला, मुलं आणि गुरं चराजवळ फिरकणार नाहीत असं कुंपण करा, रात्री झाकून ठेवा. द्रावण पुन्हा पुन्हा वापरता येतं. उरलेलं विहिरीजवळ, व्हाळात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका, जास्त बोरॉनने झाडं जळतात. पुढच्या हंगामासाठी झाकणाच्या पिंपात भरून ठेवा.

सूप, रोवळी, परडी यांना हे लावू नका

अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना धूर आणि ऊन पुरे. पूर्वी नवी रोवळी, टोपली चुलीवरच्या माळ्याला टांगून ठेवत, धुराने ती तांबूस होई आणि वर्षानुवर्षं टिके. आता चूल नसेल तर धुऊन कडक उन्हात वाळवा आणि ओलसर फडताळात ठेवू नका. शेण-मेथीच्या लिंपणाने सुपाची भोकं बुजतात आणि भुंग्याची वाटही. अन्नाचा विषय निघालाच आहे तर खायच्या कोंबांबद्दलही सांगतो: त्यांना विदर्भात वास्ते म्हणतात, गोव्यात किल्ल. कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. बारीक चिरून भिजत ठेवायचे, उकडायचे, आणि ती दोन्ही पाणी टाकून द्यायची. आपल्या आज्या हे न चुकता करायच्या.

सावलीत वाळवणं

ओल्या काठ्या उन्हात टाकल्या की फट् फट् आवाज करत चिरतात. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून वर, शक्यतो उभ्या ठेवा. आठवड्याने एकदा उलट्या करा, बूड वर, शेंडा खाली. पोकळ काठीला सहा-आठ आठवडे, भरीव माणग्याला त्याहून जास्त. वाकडी काठी सरळ करायची असेल तर ती ओली असतानाच मंद आचेवर शेकून दोन झाडांच्या बेचक्यात दाबावी.

उभारणी

खांब मातीत पुरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. टाकणखार पावसाने धुऊन जातो, आणि मातीत वाळवी वाट बघतच असते. प्रत्येक खांबाखाली फूटभर उंच जांभ्याचा किंवा सिमेंटचा ठोकळा द्या, त्यात लोखंडी सळई रोवून ठेवा आणि पोकळ बांबू तिच्यावर बसवा. भरीव असेल तर लोखंडी पट्टीने ठोकळ्याला जखडा. छपराची वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा, म्हणजे पावसाचा झोत खांबावर येणार नाही. या दोन गोष्टी जपल्या तर टाकणखाराचं काम खरोखर दिसतं.

खिळा मारू नका, काठी उभी चिरते. बोल्टसाठी आधी गिरमिटाने भोक पाडा, तेही पेराच्या जवळ, कांड्याच्या मध्यावर नाही. बांधायचं असेल तर काथ्या भिजवून आवळा, सुकला की घट्ट बसतो. उघडी तोंडं पेरापाशी कापा किंवा लाकडाच्या खुंटीने बुजवा. उघड्या कांड्यात कुंभारमाशा घर करतात आणि पाणीही साचतं.

तोडायची परवानगी

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांमध्ये धरलेला होता. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो गवत आहे, आणि २०१७ मध्ये कायद्याच्या त्या व्याख्येतून तो काढला. म्हणून वनक्षेत्राबाहेर, स्वतःच्या जमिनीत लावलेला बांबू तोडायला आणि न्यायला त्या कायद्याखाली झाडासारखा परवाना लागत नाही. जंगलातल्या बांबूचं तसं नाही. तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातलं इतर उत्पन्न) ठरवला आणि हक्क ग्रामसभेकडे आला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये बांबूची वाहतूक करण्याचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा ती साऱ्या देशासाठी मोठी गोष्ट होती. माझ्या बांधावरच्या बेटाची नोंद मी सातबाऱ्यावर करून घेतली आहे, वाटेत कोणी विचारलं तर कागद जवळ असलेला बरा.

वर्षातून दोनदा

पावसाआधी आणि पावसानंतर मांडवाखाली पांढरा कागद अंथरून एक रात्र ठेवा. सकाळी पीठ दिसलं तर कागदावरची जागा बघून वरची नेमकी काठी सापडते. भोकं ताजी असतील तर इंजेक्शनच्या सिरिंजने त्यात टाकणखार-बोरिकचं द्रावण भरा आणि मेणाने बुजवा. काठी टिचकीला भद्द वाजत असेल तर तीच एक सोडवून बदला, बाकीचा मांडव हलवायची गरज नाही. जमिनीजवळच्या ठोकळ्यांवर मातीच्या बारीक नळ्या चढताना दिसल्या तर ती वाळवी, त्याच दिवशी खरवडून काढा. माझ्या मांडवात आतापर्यंत दोन काठ्या बदलल्या आहेत. दोन्हींवर रंगाचा ठिपका नव्हता, म्हणजे वय न बघता घाईत आलेल्या.